मधली सात वर्षं

लर्नेड हँड हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते एका बार्जमुळे. मी न्यू जर्सीत इन्शुरन्सच्या क्लेम्समध्ये काम करते, आणि नवीन लागले होते तेव्हा ट्रेनिंगमधला एक अख्खा दिवस ‘निष्काळजीपणा म्हणजे नक्की काय’ यावर होता. शिकवणाऱ्या बाईंनी गोष्ट सांगितली. 1944 च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या बंदरात ॲना सी नावाचा बार्ज, म्हणजे माल वाहणारी सपाट बोट, धक्क्यावरून सुटला, वाहत जाऊन एका टँकरला लागला, त्याच्या पंख्याने तळाला भोक पडलं आणि आत भरलेल्या सरकारी पिठासकट तो बुडाला. बार्जवर एक माणूस ठेवलेला असायचा, पण तो 21 तास जागेवर नव्हता. मग चूक कुणाची? दोऱ्या सोडणाऱ्या टगवाल्यांची (टग म्हणजे बार्ज ओढणारी बोट), की बार्जवर माणूस न ठेवणाऱ्या मालकाची पण? तर केस ज्यांच्यापुढे होती ते जज्ज लर्नेड हँड म्हणाले, तीन गोष्टी बघा. नुकसान होण्याची शक्यता किती, झालं तर केवढं होईल, आणि ते टाळायला खर्च किती येतो. शक्यता गुणिले नुकसान हे खर्चापेक्षा मोठं असेल आणि तरी तुम्ही खबरदारी घेतली नाही तर तुम्ही निष्काळजी. बस. फळ्यावर एका ओळीत मावलं.

मला ते इतकं आवडलं की घरी येऊन रविवारच्या फोनवर आबांना सांगितलं. आबा म्हणजे माझे वडील, सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या दिवाणी कोर्टात आयुष्यभर नोकरी केली, शिरस्तेदार म्हणून रिटायर झाले. ते म्हणाले, चांगलंय, पण हा जज्ज आला कुठून ते बघ, कोर्टात बसून असं सरळ बोलायला बरीच वर्षं लागतात.

ते बघायला बसले आणि मग त्यातून बाहेर पडताच आलं नाही. आज लिहितेय ते त्या माणसाच्या गाजलेल्या निकालांवर नाही, ते वकील लोक लिहितातच. मला लिहायचंय ते एका खुर्चीबद्दल. ती त्यांना 1917 मध्ये मिळायला हवी होती, मिळाली नाही, आणि तसल्याच दुसऱ्या खुर्चीवर बसायला 1924 उजाडलं. मधली सात वर्षं.

आधी थोडं मागचं. बिलिंग्ज लर्नेड हँड, जन्म 1872, न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी. लर्नेड या शब्दाचा अर्थ विद्वान, त्यामुळे वाटतं की ही पदवीच आहे, पण ते त्यांच्या आईच्या माहेरचं आडनाव. घराणं वकिलांचं. वडील सॅम्युएल हँड नावाजलेले वकील, राज्याच्या वरच्या कोर्टात काही काळ जज्जही होते, आणि हा मुलगा 14 वर्षांचा असताना वारले. वडील इतके लवकर गेले आणि इतके मोठे होते की मुलाच्या मनात ते कायम आपल्यापेक्षा वरच राहिले, हे त्यांच्याबद्दल वाचताना सारखं जाणवतं. हार्वर्डला आधी तत्त्वज्ञान, विल्यम जेम्स आणि सांतायना शिकवायला, मग कायदा. ऑल्बनीत वकिली केली, मन रमलं नाही. 1902 मध्ये न्यूयॉर्क शहरात आले, त्याच वर्षी लग्न केलं, पुढे तीन मुली झाल्या. वकिली इथेही यथातथाच. आपण या धंद्यात अपयशी आहोत असंच त्यांचं मत होतं.

पण 1908 मध्ये त्यांनी हार्वर्डच्या कायद्याच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. तेव्हा तिथल्या सुप्रीम कोर्टाने बेकरीतल्या कामगारांचे तास ठरवणारा न्यूयॉर्कचा कायदा रद्द केला होता, 1905 चा लॉक्नरचा निकाल. हँड म्हणाले की कामाचे तास किती असावेत हे लोकांनी निवडून दिलेल्या विधिमंडळाने ठरवायचं, जज्जांनी आपली आर्थिक मतं घटनेच्या नावाखाली त्यावर लादायची नाहीत. छत्तिशीतला, फारसं कुणाला माहीत नसलेला वकील हे लिहितो ही छोटी गोष्ट नव्हती.

1909 मध्ये मॅनहॅटनच्या फेडरल जिल्हा कोर्टात एक नवीन जागा तयार झाली. अमेरिकेत फेडरल जज्ज कसा होतो हे आपल्याकडच्या लोकांना थोडं वेगळं वाटेल. परीक्षा नाही, खालून वर चढायची सिनियॉरिटी लिस्ट नाही. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतो, सिनेट मान्यता देते, आणि मग तो माणूस नीट वागला तर मरेपर्यंत जज्ज. त्यामुळे सगळा खेळ नाव राष्ट्राध्यक्षांच्या टेबलापर्यंत कसं पोचतं याचा. बहुतेक वेळा ते पक्षाच्या माणसांकडून पोचायचं, ज्याने निवडणुकीत काम केलं त्याचं. हँडच्या बाबतीत ते चार्ल्स बर्लिंगहॅम नावाच्या एका वकिलाने पोचवलं. हे जहाजांच्या कायद्यातले वकील, न्यूयॉर्कच्या वकीलमंडळींत त्यांचा शब्द चालायचा, आणि चांगली माणसं कोर्टात बसावीत हा त्यांनी जणू वसाच घेतला होता. ॲटर्नी जनरल विकरशॅम यांनाही लायक माणूस हवा होता. राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी सही केली आणि 37 वर्षांचे हँड जज्ज झाले. टाफ्ट हे नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

त्या काळातली ही फेडरल कोर्टं सिटी हॉलजवळच्या एका अवाढव्य जुन्या इमारतीत भरायची. खाली पोस्ट, वर कोर्ट. हे वाचलं तेव्हा मला आमच्या तालुक्याची कचेरीच डोळ्यासमोर आली, एकाच आवारात कोर्ट, ट्रेझरी, सबजेल, आणि बाहेर झाडाखाली स्टँपवेंडर. ती इमारत आता नाही, 1939 च्या सुमारास पाडली, आज तिथे बागेचा भाग आहे. मी एकदा मुद्दाम जाऊन उभी राहिले होते तिथे.

आता अपील कोर्टाबद्दल दोन वाक्यं. 1891 मध्ये कायदा करून अमेरिकेने मधल्या पायरीवरची फेडरल अपील कोर्टं उभी केली. त्यातलं सेकंड सर्किट म्हणजे न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि व्हरमाँट. जहाजं, बँका, पेटंट, शेअर बाजार, सगळ्या पैशाच्या केसेस इथे. आणि एक गोष्ट मला इथे सांगावीशी वाटतेच. हँड जज्ज झाले त्याच 1909 सालात त्याच शहरात जज्ज लकोम्ब यांच्यासमोर मुंबईचे एक पारशी गृहस्थ, भिकाजी बलसारा, नागरिकत्व मागायला उभे होते. कायद्यात ‘गोरी माणसं’ असा शब्द होता आणि पारशी गोरे का हा प्रश्न होता. लकोम्बनी नागरिकत्व दिलं, सरकार अपिलात गेलं, आणि 1910 मध्ये सेकंड सर्किटने बलसारांच्या बाजूने कौल दिला. पुढे 1923 मध्ये भगतसिंग थिंद यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ते दार बंद केलं आणि ते उघडायला 1946 साल लागलं. मी स्वतः मॅनहॅटनमध्ये, त्याच कोर्टांच्या परिसरात नागरिकत्वाची शपथ घेतली, हात वर करून उभी होते तेव्हा मला बलसारा माहीतच नव्हते, याचं आज वाईट वाटतं.

असो, हँडकडे. जिल्हा जज्ज म्हणून काम उत्तम चाललं होतं, पण एक गोष्ट त्यांनी केली जी आज कुठल्याही जज्जाला परवडणार नाही. 1912 मध्ये थिओडोर रूझवेल्ट आपल्याच पक्षाच्या टाफ्टविरुद्ध उभे राहिले आणि हँड मनापासून रूझवेल्टच्या बाजूने गेले. पुढच्या वर्षी तर त्या नव्या प्रोग्रेसिव्ह पक्षाच्या तिकिटावर ते राज्याच्या सर्वोच्च कोर्टाच्या मुख्य न्यायाधीशपदाची निवडणूक लढले, तिथे राज्याचे जज्ज निवडून येतात म्हणून. प्रचार केलाच नाही, लोकांकडे मतं मागायला जाणं जमणार नव्हतं, आणि सपशेल हरले. मला वाटतं ही चूकच होती, फेडरल जज्जाच्या खुर्चीवर बसून निवडणूक लढवायची नसते, आणि त्यांनाही ते नंतर वाटलं. पण टाफ्ट हे विसरले नाहीत.

मग 1917. एप्रिलमध्ये अमेरिका महायुद्धात उतरली, जूनमध्ये हेरगिरीविरोधी कायदा आला. नाव हेरगिरीचं पण त्यात सैन्यभरतीत अडथळा आणणं, सैन्यात बंडखोरी पसरवणं हेही गुन्हे होते, आणि असा मजकूर पोस्टाने पाठवायला बंदी. न्यूयॉर्कमध्ये ‘द मासेस’ नावाचं एक डाव्या विचारांचं मासिक निघायचं, संपादक मॅक्स ईस्टमन, चित्रं फार सुंदर आणि जहाल. त्याचा ऑगस्टचा अंक पोस्टमास्तर पॅटन यांनी घ्यायला नकार दिला. कारण चार व्यंगचित्रं आणि काही मजकूर. एका चित्रात फुटलेली लिबर्टी बेल. सक्तीच्या सैन्यभरतीवर एक चित्र. भरतीला विरोध करून तुरुंगात गेलेल्यांचं कौतुक करणारी कविता. मासिकवाले कोर्टात आले आणि केस आली हँडच्या बोर्डावर.

आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात वरच्या कोर्टात, सेकंड सर्किटमध्ये, एक जागा रिकामी होत होती. अल्फ्रेड कॉक्स नावाचे जज्ज पायउतार होत होते. हँडचं नाव चर्चेत होतं, आठ वर्षांचा अनुभव, शहरातले सगळे चांगले वकील पाठीशी. सगळ्यांना माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. सरकार युद्धात आहे, खुर्ची सरकार देणार, आणि समोरची केस सरकारविरुद्ध आहे.

त्यांची बायको उन्हाळ्यात न्यू हँपशायरला असायची, तिला ते पत्रं लिहायचे. त्यातल्या एका पत्रात त्यांनी लिहिलं की ही केस आपल्याला महागात पडू शकते, पण मला जे बरोबर दिसतं तेच करायला हवं आणि मला काळजी आहे ती एवढीच की निकालात या विचाराचा लवलेश येऊ नये. शेवटी म्हटलंय की निर्भय न्यायव्यवस्थेबद्दल जी घासून गुळगुळीत झालेली वाक्यं असतात त्यांना अशा वेळी खराच अर्थ असतो. मी हे वाचून बराच वेळ तशीच बसले होते. कारण यात शौर्याचा आव नाहीये. खुर्ची हवी आहे हे तो माणूस बायकोपाशी कबूल करतोय. हवी आहे, खूप हवी आहे, आणि तरी.

24 जुलै 1917 ला त्यांनी अंक अडवू नका म्हणून पोस्टाला मनाई हुकूम दिला. त्यांचा मुद्दा असा की सरकारवर कितीही कडवट टीका केली, त्याने लोकांच्या मनात नाराजी वाढली, सैन्यातली माणसं अस्वस्थ झाली, तरी ते लोकशाहीत चालतं, कारण सरकारला नावं ठेवण्याचा हक्क नसेल तर मग लोकांचं राज्य म्हणजे काय. गुन्हा तेव्हाच जेव्हा बोलणारा सरळ सरळ सांगतो की कायदा मोडा, तेच तुमचं कर्तव्य आहे. म्हणजे शब्द काय सांगतात ते बघा, त्याने पुढे कुणाच्या मनात काय येईल याचे अंदाज बांधू नका. कारण लढाईच्या दिवसांत अंदाज बांधायला बसलं की सगळ्यातच धोका दिसतो.

मराठी वाचकाला इथे टिळक आठवणारच, मला तर लगेच आठवले. 1908 मध्ये ‘केसरी’तल्या लेखांसाठी जस्टिस दावरांनी त्यांना सहा वर्षं मंडालेला पाठवलं. आणि 1916 च्या नोव्हेंबरात, त्यांच्या बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांवरून चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून त्यांच्याकडून मागितलेला जामीन मुंबई हायकोर्टात बॅचलर आणि शहा या दोन जज्जांनी रद्द केला, भाषणं सबंध वाचून. हँडच्या निकालाच्या आठ महिने आधी. या दोन खोल्यांना एकमेकींची कल्पना नव्हती, पण प्रश्न तोच होता, सरकारवर चिडायला लावणं आणि बंड करायला लावणं यात रेघ कुठे.

हँडचा हुकूम किती टिकला? काही दिवस. अपील कोर्टातले जज्ज हाउ यांनी लगेच स्थगिती दिली, नोव्हेंबरात तीन जज्जांनी तो उलटवला. आणि पोस्टाने मधल्या काळात एक गोष्ट केली ती मला इतक्या वर्षांनी पण संताप आणते. ऑगस्टचा अंक पोस्टाने गेलाच नाही, तो त्यांनीच अडवला होता, आणि मग सप्टेंबरमध्ये म्हणाले की तुमचं मासिक नियमित निघत नाही त्यामुळे नियतकालिकांची टपालाची सवलत तुम्हाला लागू नाही. वर्षाअखेर मासिक बंद पडलं.

खुर्ची 1918 च्या मार्चमध्ये भरली गेली. हँडना नाही. ती मिळाली मार्टिन मँटनला.

हा मँटन तेव्हा 37 वर्षांचा, हँड पहिल्यांदा जज्ज झाले त्याच वयाचा. गरीब आयरिश घरातला, कष्टाने वर आलेला, वकिलीत भरपूर पैसा कमावलेला, पक्षाच्या मंडळींत ऊठबस. 1916 मध्ये ब्रुकलिनच्या जिल्हा कोर्टात नेमला गेला होता आणि दीड वर्षात थेट वर. कष्ट करून वर आलेल्या माणसाबद्दल मला राग नाही, मी पण तशाच घरातली. पण ज्या रीतीने तो वर आला त्यात कायद्याचा भाग किती आणि ओळखींचा किती, हे तेव्हाही लोकांना दिसत होतं.

इथे मला आबांचं सांगायचंय. मी नववीत होते. आबांची वरच्या जागेची पाळी होती, सिनियॉरिटीने, गोपनीय अहवाल सगळे चांगले, आणि ऑर्डर निघाली दुसऱ्याच्या नावाची. कुणाचा तरी फोन गेला होता म्हणे. आईने त्या रात्री आमटीत मीठ घातलं नाही आणि कुणी बोललंच नाही, सगळे तसेच जेवलो. सकाळी उठून बघते तर आबांनी नेहमीसारखी पांढरी पँट, निळा शर्ट, सायकलला पिशवी, आणि सव्वादहाला कोर्टात. मी दुपारी डबा द्यायला गेले मुद्दाम, बघायला की काय करतायत. रोजनामा लिहीत होते. रोजनामा म्हणजे प्रत्येक केसमध्ये त्या दिवशी काय झालं त्याची नोंद, वादी हजर, प्रतिवादी गैरहजर, पुढील तारीख अमुक. अक्षर रोजचंच, एक वेलांटी इकडची तिकडे नाही. ज्यांना ती जागा मिळाली ते गृहस्थ वाईट नव्हते हे सांगायलाच हवं, कामात कच्चे होते, आबांनी त्यांना सहा महिने शेजारी बसवून शिकवलं. मला तेव्हा आबांचा राग आला होता. भांडत का नाही हा माणूस, असं. माझ्यावर इथे ऑफिसात तशी वेळ आली तेव्हा मी आठवडाभर झोपले नाही आणि कामात दोन चुका केल्या, एका म्हाताऱ्या बाईचा क्लेम तीन आठवडे माझ्या टेबलावर पडून राहिला. त्यानंतरच मला कळलं की सव्वादहाला जाऊन तसंच अक्षर काढायला काय लागतं.

म्हणून मला हँडची ती सात वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. ते नुसते गप्प बसले नाहीत. 1918 च्या जूनमध्ये न्यूयॉर्कहून बॉस्टनकडे जाणाऱ्या ट्रेनमध्ये त्यांना सुप्रीम कोर्टाचे जस्टिस होम्स भेटले, सत्तरीच्या पुढचे, हँडना देवासारखे. तिथे दोघांचा वाद झाला, बोलण्याचं स्वातंत्र्य कुठपर्यंत. होम्सना तेव्हा पटलं नाही. हँडनी घरी जाऊन पत्र लिहिलं, की ट्रेनमध्ये मी लवकर माघार घेतली, आपली मतं जास्तीत जास्त तात्पुरतीच असतात, मग वेगळं मत असणाऱ्याला दाबायचा हक्क कुठून येतो. 1919 च्या मार्चमध्ये होम्सनी अशाच केसेसमध्ये शिक्षा कायम केल्या. हँडनी परत पत्र लिहिलं. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अब्रॅम्सच्या केसमध्ये होम्सनी बहुमताच्या विरुद्ध, बोलण्याच्या स्वातंत्र्याच्या बाजूने, ते प्रसिद्ध वेगळं मत लिहिलं. एका हँडमुळेच ते बदलले असं कुणी म्हणणार नाही, बरेच लोक त्यांच्याशी बोलत होते, पण ट्रेनमधला तो जिल्हा जज्ज, ज्याचा निकाल उलटलाय, बढती गेलीय, तो त्यातला एक होता.

1921 च्या सुरुवातीला हार्वर्डच्या प्रोफेसर चाफी यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या त्या निकालाला निरोप दिला. म्हणाले, माझं ते खेळण्यातलं छोटं जहाज, मोठ्या हिमतीने निघालं होतं आणि जगातला सगळ्यात छोटा प्रवास करून संपलं. त्यांना खरंच वाटलं होतं की ते बुडालं.

1922 मध्ये आणखी एक वळण. टाफ्ट आता सरन्यायाधीश झाले होते आणि सुप्रीम कोर्टात जागा निघाली की राष्ट्राध्यक्ष हार्डिंग त्यांचं ऐकायचे. हँडबद्दल टाफ्टनी लिहिलं की त्यांना मीच नेमलं होतं, पण ते रूझवेल्टच्या नादाला लागले, इथे आले तर ब्रँडाइसच्या (सुप्रीम कोर्टातले उदारमतवादी जस्टिस) कळपात जातील. त्याच वर्षी मँटनचं नावही सुप्रीम कोर्टासाठी जोरात होतं आणि त्यालाही टाफ्टनी अडवलं. म्हणजे एकच माणूस एकाच वर्षी एकाला अन्यायाने अडवतो आणि दुसऱ्याला अगदी योग्य. टाफ्टबद्दल माझं मत त्यामुळे कधी एका बाजूला ठरत नाही. कारण 1924 मध्ये जज्ज मेयर यांनी राजीनामा दिला, सेकंड सर्किटची जागा निघाली, राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी हँडचं नाव दिलं, आणि याच टाफ्टनी त्याला पाठिंबा दिला. डिसेंबरात सिनेटने मान्य केलं. हँड 52 वर्षांचे होते.

आणि बसले कुणाच्या शेजारी? मँटनच्या. सहा वर्षं आधी आलेला म्हणून तो वरच्या जागेवर, आणि पुढे कोर्टाचा सिनियर जज्ज तोच झाला.

यानंतरची चौदा वर्षं हे कोर्ट देशातलं सगळ्यात मजबूत फेडरल अपील कोर्ट मानलं जायला लागलं. 1927 मध्ये हँडचे चुलत भाऊ ऑगस्टस हँड आले, येलचे डीन थॉमस स्वॉन आले, 1929 मध्ये हॅरी चेस. यांची एक पद्धत होती ती आबांना फार आवडली. सुनावणी झाली की प्रत्येक जज्ज दुसऱ्याशी न बोलता आपलं मत लिहून काढायचा, आणि ते कागद एकमेकांना देऊन मगच तिघं चर्चेला बसायचे. म्हणजे कुणी कुणाच्या मागे लपायचं नाही. हँड पिवळ्या पॅडवर हाताने लिहायचे, परत परत खोडून, आणि तरुण लॉ क्लार्कला समोर बसवून म्हणायचे, चूक दाखव.

त्या काळातली मला आवडते ती टी. जे. हूपरची केस, 1932. मार्च 1928 मध्ये दोन टग कोळशाचे बार्ज ओढत न्यूयॉर्ककडे निघाले, न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडले, दोन बार्ज बुडाले. रेडिओवर वादळाचा इशारा आला होता. पण या टगवर चालणारा रेडिओ नव्हता. टगवाले म्हणाले, बहुतेक कुणीच रेडिओ ठेवत नाही, तशी या धंद्यात पद्धत नाही. हँड म्हणाले, अख्खा धंदाच मागे राहिलेला असू शकतो, काही खबरदाऱ्या इतक्या गरजेच्या असतात की सगळ्यांनीच टाळल्या म्हणून ती सबब होत नाही. मी हे वाक्य कामात किती वेळा वापरलंय याची मोजदाद नाही. ‘सगळेच असं करतात’ हे उत्तर मला रोज ऐकावं लागतं.

1934 मध्ये जॉइसच्या ‘युलिसिस’ची केस आली, कादंबरी अश्लील आहे म्हणून देशात येऊ द्यायची का नाही. दोन्ही हँड म्हणाले येऊ द्या, बहुमताचा निकाल ऑगस्टसनी लिहिला. विरोधात एकटा मँटन, समाजाच्या नीतीचं रक्षण व्हायला हवं म्हणून.

आणि तोच मँटन त्या दिवसांत काय करत होता? 1929 च्या घसरणीत त्याचे धंदे बसले होते, जमिनी, कंपन्या, कर्जं, जज्ज असतानाही हे सगळं चालूच होतं. मग ज्यांच्या केसेस कोर्टात होत्या त्यांच्याकडून, मध्यस्थांमार्फत, ‘कर्ज’ म्हणून पैसे घ्यायला लागला. त्यात एक केस इलेक्ट्रिक रेझरच्या पेटंटची होती. 1939 च्या जानेवारीत न्यूयॉर्कचे सरकारी वकील थॉमस ड्यूई यांनी संसदेच्या समितीला पत्र लिहून आकडा मांडला, चार लाख डॉलरच्या वर. मँटनने राजीनामा दिला. खटला झाला, मेरीलँडहून दुसरा जज्ज बोलवावा लागला, दोन वर्षांची शिक्षा आणि दहा हजार डॉलर दंड. अपील त्याच्याच कोर्टात, मग तिथे सुप्रीम कोर्टाचे एक निवृत्त आणि एक कामावर असलेले जस्टिस आणून बसवले. शिक्षा कायम. सुप्रीम कोर्टापुढच्या अर्जात त्याने असंही म्हटलं की एवढ्या मोठ्या जज्जाला दोषी ठरवल्याने लोकांचा कोर्टावरचा विश्वास उडेल.

हे मी आबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले,

“शेजारी बसून चौदा वर्षांत कळलं नाही?”

“नाही आबा, पुरावा कुणाकडेच नव्हता. निकाल तर हे सगळे मिळून द्यायचे, आणि त्यात कायद्याच्या दृष्टीने चूक दिसत नव्हती.”

“जज्जांना नसेल कळलं. पट्टेवाल्याला विचारलं का कुणी? कोर्टात सगळ्यात आधी त्याला कळतं, साहेबांच्या चेंबरला मागच्या दाराने कोण येतंय ते.”

याचं उत्तर माझ्याकडे नाही. आणि खरं सांगायचं तर हँडबद्दल माझ्या मनात जी एक सल आहे ती हीच. बुद्धीने इतका धारदार माणूस, बार्जवर 21 तास माणूस नव्हता हे ज्याला खुपतं, त्याला रोज शेजारच्या खुर्चीत काय चाललंय ते दिसलं नाही. कदाचित, ज्याने आपली खुर्ची घेतली त्याच्याबद्दल संशय घ्यायचाच नाही, तो आपल्या जळफळाटातून येत असेल, असं त्यांनी स्वतःला बजावलं असेल. हा माझा तर्क आहे. पण आबांकडे बघून मला तो खरा वाटतो, कारण आबांनी त्या गृहस्थांबद्दल आजतागायत वावगा शब्द काढला नाहीये, आणि तो चांगुलपणा आहे की डोळे मिटून घेणं आहे हे मला अजून कळलेलं नाही.

मँटन गेल्यावर सिनियर जज्ज झाले हँड, 67 व्या वर्षी. सुप्रीम कोर्ट मात्र कधीच मिळालं नाही. 1942 मध्ये सुप्रीम कोर्टाचे जस्टिस फ्रँकफर्टर यांनी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टच्या मागे लागून खूप प्रयत्न केले, पण वय सत्तरीच्या पुढे आणि जागा मिळाली वायली रटलेजना. तरी 1945 मध्ये ॲल्युमिनियम कंपनी अल्कोआच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टात सहा जज्जांचा कोरमच होईना, तेव्हा खास कायदा करून ती केस शेवटच्या निकालासाठी सेकंड सर्किटच्या तीन ज्येष्ठ जज्जांकडे दिली. म्हणजे त्या एका केसपुरतं शेवटचं कोर्ट ते आणि त्यांचे दोन सहकारी. 1944 च्या मे महिन्यात सेंट्रल पार्कमध्ये लाखोंच्या गर्दीसमोर, त्यात हजारो नुकतेच नागरिक झालेले लोक, त्यांनी चार-पाच मिनिटांचं भाषण केलं, की स्वातंत्र्याची वृत्ती म्हणजे आपलंच बरोबर आहे याची फार खात्री नसलेली वृत्ती. आणि 1950 मध्ये याच माणसाने डेनिसच्या केसमध्ये कम्युनिस्ट पुढाऱ्यांच्या शिक्षा कायम केल्या, ते मला पटत नाही, 1917 च्या हँडनी ते लिहिलं नसतं असं मला वाटतं. सुप्रीम कोर्टाने वेगळी वाट धरली होती आणि ते खालच्या कोर्टाचे जज्ज म्हणून ती मानत होते, हे मला माहीत आहे. तरी नाही पटत.

1951 मध्ये त्यांनी पूर्ण वेळचं काम सोडलं, पण केसेस ऐकत राहिले, 1961 च्या ऑगस्टमध्ये वारले तेव्हा 89 वर्षांचे, 52 वर्षं फेडरल जज्ज. त्यानंतर आठ वर्षांनी, 1969 मध्ये, ब्रँडेनबर्गच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की ताबडतोब कायदा मोडायला उद्युक्त केलं आणि तसं घडायची खरीच शक्यता असेल तरच बोलण्याला शिक्षा. त्यातला पहिला अर्धा भाग बराचसा ‘द मासेस’च्या निकालातला आहे, असं अभ्यासक म्हणतात. खेळण्यातलं जहाज बंदराला लागलं, पण तेव्हा ते बघायला नव्हते.

गेल्या महिन्यापासून मी आबांना दर रविवारी तो 1917 चा निकाल मराठीत करून वाचून दाखवतेय. ते आता 84 चे आहेत, डोळ्यांनी कमी दिसतं, पण ऐकताना मध्येच थांबवतात, हे वादीचं म्हणणं आहे का कोर्टाचं, नीट सांग. व्यंगचित्रांच्या वर्णनापर्यंत आलोय. गेल्या रविवारी त्यांनी विचारलं, निकाल दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी काय केलं त्यांनी? मी म्हटलं, आबा, दुसऱ्या दिवशी बुधवार होता, कोर्ट चालू असणार. ते म्हणाले, हं, मग बोर्डावर दुसऱ्या केसेस असतील. वाच पुढे.